कसर

जूनच्या मध्यावर, शारजात, रोला बाजाराच्या मागं,
जिथं सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी असते,
एक बाई दुकानात आली,
झोपलेलं मूल आणावं तसा
दोन्ही हातांवर कातड्याचा कोट घेऊन.

झोया कोंबागिर. चौकातल्या दवाखान्यात
लोकांच्या कवळ्या करते.
माझ्या आत्याचा आहे, म्हणाली. आम्ही एवेंकी.
मी मान हलवली.
मला वाटलं, एखादी कंपनी असेल.

घडी उलगडली तर धुराचा वास,
चुलीचा नव्हे, ओलसर, सावकाश जळणाऱ्या लाकडाचा.
रेनडिअरचं आख्खं कातडं:
त्याची पाठ माणसाच्या पाठीवर,
बाह्या तेवढ्या वेगळ्या जोडलेल्या,
मागचा घेर शेपटासारखा निमुळता.
शिवणींत त्याच्याच मानेचे पांढरे केस,
खांद्यावर मणी, निळे, पांढरे, परत निळे,
आणि डाव्या काखेत
कसर लागलेली.

सवयीनं टेप घेतली, पुढून मापलं.
बाई, हा मिटत नाही, मी म्हणाले,
दोन काठांत वीतभर अंतर आहे.
पट्टी लावू आतून? की चेन?
दिवसभर अबाया शिवणारा माझा हात,
उघडं काही राहू देत नाही.

ती हसली. मिटायचा नसतोच.
पिशवीतून तिनं दुसरं काही काढलं:
गळ्यात बांधायचं, गुडघ्यापर्यंत येणारं उराचं पान,
मण्यांनी जड, खाली पितळेचे तुकडे.
नेल, म्हणाली.
कोटानं पाठ राखायची. छाती हिनं.
मला बाराबंदीचे बंद आठवले,
गाठीवर भरवसा ठेवणारे कपडे
आमच्याकडंही होते की.

आधी कसर मारायला हवी होती.
खालच्या बीरानच्या किराणात आइस्क्रीमचा मोठा फ्रीझर.
त्यानं कोट पाहिला, मला पाहिलं,
आणि न बोलता परोठ्यांची पाकिटं एका अंगाला सारली.
दहा दिवस तो तिथं होता,
पॉलिथिनमध्ये, मटारांच्या शेजारी.
अख्ख्या गल्लीत त्याला सोसेल अशी
तेवढीच जागा.

मग धाग्याचा प्रश्न.
सुती कातडं कापतो, नायलॉन त्याहून वाईट.
तिनं चहाच्या चांदीच्या कागदातून सोडवली
रेनडिअरच्या पाठीची वाळलेली तात.
पिंजाऱ्याची तात मी ऐकलेली, पाहिलेली नव्हे.
ही दातांनी चिरायची, तोंडात ओली करायची,
गालावर वळायची.

माझा सोमवार होता.
मी सुई पुढं केली आणि तोंड मिटून राहिले.
तिला कळलं. काही न विचारता
तिनंच एकेक पदर ओला केला, वळला, माझ्या हाती दिला,
आणि मी, जी आईच्या पेल्यालाही
ओठ लावत नसे,
तिच्या उष्ट्या धाग्यानं शिवत बसले.
टाका घालताना तो ओढला जायचा,
वाळताना आणखी आवळायचा,
जणू शिवण्यातलं अर्धं काम
मला न विचारता तोच उरकत होता.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन, कवळ्यांचं काम साठलंय,
येता येणार नाही.
काखेतली चार बोटं राहिली होती.
मी दार लावून घेतलं.
तात तोंडात धरली.
चव कसली म्हणाल, तर
धुराची, मिठाची, नि मग कसलीच नाही.

न्यायला आली तेव्हा तिनं तो घातला,
बाहेर सेहेचाळीस, आतला एसी धापा टाकत.
नेलचे बंद मीच तिच्या मानेमागं बांधले.
हलली तसं पितळ वाजलं,
बीरान जिन्यात थांबला.
दोन मिनिटं. कपाळावर घाम,
तरी काढवत नव्हता तिला.

जाताना वीतभर तात ठेवून गेली,
पैशांच्या वर.
बटणांच्या डब्यात आहे अजून.
काल एका अबायाचा हूक निसटलेला होता,
हात आधी तिकडंच गेला.